हे शोऊ वूची गोष्ट आणि आमच्याकडचा बिब्बा

काळ्या केसांची एक गोष्ट आहे, चीनमधली, हजार-बाराशे वर्षं जुनी. मागच्या हिवाळ्यापासून मी ती आमच्या ओसरीवर, आरोग्य केंद्राच्या बाकावर, पुसदच्या बसमध्ये, जिथं विषय निघाला तिथं सांगत आलेय, आता एकदा नीट लिहूनच काढते. कारण असं झालं की गावातली पोरं, अगदी विशीतली, केस पिकायला लागले म्हणून मोबाईलवर पाहून पाहून एक चायनीज मुळी मागवायला लागली. पावडर मिळते, कॅप्सूल मिळते, थेंब मिळतात. डबीवर कुठं 'फो-टी' लिहिलेलं असतं, कुठं 'हे शोऊ वू', आणि बाजूला लांब काळ्याभोर दाढीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र. माझा पुतण्याही त्यातलाच. मी गावात आशा म्हणून काम करते त्यामुळे कोणाच्या घरी कोणती गोळी चालू आहे ते मला कळतंच, नाही कळलं तर मी विचारते. त्याला विचारलं तर म्हणाला, "काकू, जडीबुटीच त हाय, तिनं काय होते?"

मी त्याला लगेच काही बोलले नाही, आधी वाचलं. आणि वाचत गेले तशी त्या मुळीच्या प्रेमातच पडले, खरं सांगते, इतकी सुंदर गोष्ट आहे तिची.

तांग राजवटीत ली आओ नावाचा एक विद्वान होऊन गेला, त्यानं नवव्या शतकाच्या सुरुवातीला ही गोष्ट लिहून ठेवली. दक्षिण चीनमधल्या एका गावात थ्येनअर नावाचा माणूस होता, त्याचं आडनाव 'हे'. जन्मापासून अशक्त. 58 वर्षांचा झाला तरी बायको नाही, लेकरू नाही, डोंगरात एका गुरूच्या आश्रयानं राहायचा. एका रात्री दारू पिऊन उघड्यावरच झोपला, आणि जाग आली तर काय पाहतो, दोन वेली, एकमेकींपासून दोनेक हात लांब, त्या हळूहळू जवळ येतायत, एकमेकींत गुंफतायत, बराच वेळ तशाच राहून सुटतायत, आणि थोड्या वेळानं परत गुंफतायत. सकाळ झाल्यावर त्यानं त्या वेलीची मुळी खणून काढली आणि गावभर दाखवत फिरला, कोणालाच तिचं नाव सांगता येईना. मग डोंगरातून एक म्हातारा आला, त्यानं मुळी पाहिली, सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाला, तुला मूलबाळ नाही आणि ही वेल अशी विचित्र वागते, म्हणजे हे देवाचं औषध असेल, तू खाऊन पाहा.

त्यानं मुळी वाळवली, कुटली आणि रोज थोडी थोडी उपाशीपोटी घ्यायला लागला. काही महिन्यांत अंगात ताकद आली. वर्षभरात जुनी दुखणी गेली, केस काळे झाले, चेहरा तरुण दिसायला लागला. पुढच्या दहा वर्षांत त्याला कित्येक मुलं झाली, आणि मग त्याचं नावच बदलून नंगस ठेवलं, म्हणजे ज्याला वंश चालवता येतो असा. त्यानं ती मुळी आपल्या मुलाला दिली, मुलाचं नाव येनश्यू, आणि बापलेक दोघंही 160 वर्षं जगले म्हणे. येनश्यूचा मुलगा तो हे शोऊ वू. त्यानंही मुळी खाल्ली, त्यालाही भरपूर मुलं झाली, आणि 130 व्या वर्षीसुद्धा त्याचे केस काळेच होते. शोऊ वू म्हणजे काळं डोकं. वेलीला नाव मिळालं ते या नातवाचं, ज्यानं शोधली त्याचं नाही.

हे घराणं मुळीचं गुपित घरातच ठेवून होतं. पण त्याच गावचा ली आनछी म्हणून शोऊ वूचा मित्र होता, त्यानं गुपचूप ती कृती मिळवली, स्वतः खाल्ली, तोही खूप जगला, आणि त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं.

मला या गोष्टीत सगळ्यात भिडलं ते म्हणजे ही मुळात केसांची गोष्टच नाही. ही मूल नसलेल्या माणसाची गोष्ट आहे. केस काळे होणं हे बाहेरून दिसणारं लक्षण, आत जे हवंय ते लेकरू. मी ज्या घरांत जाते तिथं लग्नाला चार-पाच वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की काय काय चालू होतं ते मी पाहते, बाईला किती जागी नेतात, काय काय पाजतात, आणि पुरुषाची तपासणी कर म्हटलं की कोणी बोलत नाही. चीनच्या त्या गोष्टीत मात्र उणीव पुरुषात आहे असं सरळ सांगितलंय, औषधही त्यानंच खाल्लंय, नावही त्याचंच बदललंय. बाराशे वर्षांपूर्वी. मला हे फार मोठं वाटतं. आजच्या डबीवर त्यातलं फक्त केस उरलेत.

आणि मुळीच्या वयाची जी वर्णनं आहेत ती तर लहान पोरांना झोपताना सांगावीत अशी. जुन्या ग्रंथांत लिहिलंय की 50 वर्षांची मुळी मुठीएवढी होते, तिला डोंगराचा चाकर म्हणायचं, ती वर्षभर खाल्ली की दाढीमिशा काळ्या होतात. 100 वर्षांची वाडग्याएवढी, ती डोंगराचा भाऊ, ती खाऊन चेहऱ्यावर लाली येते. 150 वर्षांची घमेल्याएवढी, तो डोंगराचा काका, तिच्यानं पडलेले दात परत येतात. 200 वर्षांची टोपलीएवढी, डोंगराचा आजोबा, ती खाणारा लेकरासारखा दिसतो आणि घोड्याबरोबर पळतो. आणि 300 वर्षांची त्याहून मोठी, ती डोंगराचा आत्माच, ती खाईल तो अमर होतो. म्हणजे मुळी जसजशी म्हातारी होते तसतसा खाणारा तरुण होत जातो. शिवाय माणसाच्या आकाराची मुळी सापडली तर ती सगळ्यात भारी असा समज, त्यापायी आजही तिकडे साच्यात वाढवून माणसाच्या आकाराच्या खोट्या मुळ्या विकतात.

आपल्याकडे च्यवन ऋषी आहेतच की. वारुळात बसलेला म्हातारा, सुकन्येनं चुकून त्याचे डोळे टोचले, मग तिचंच लग्न त्याच्याशी लागलं, अश्विनीकुमारांनी त्याला तरुण केलं, आणि त्याच्या नावानं च्यवनप्राश चरकसंहितेच्या रसायन प्रकरणात, म्हणजे तारुण्य आणि ताकद टिकवणाऱ्या औषधांच्या प्रकरणात, येऊन बसला. दोन्हीकडे म्हातारा, दोन्हीकडे रानातली वस्तू, दोन्हीकडे औषधाला माणसाचं नाव. फरक एवढाच की च्यवनाला देवांचे वैद्य भेटले आणि थ्येनअरला डोंगरातला एक अनोळखी म्हातारा. मला चिनी गोष्ट जास्त खरी वाटते, कारण रानातलं औषध असंच सापडतं, एकाला दिसतं, तो दहा जणांना विचारत फिरतो, आणि कोणीतरी म्हातारं माणूस म्हणतं, पाहा बुवा खाऊन.

ही वेल कशी आहे ते सांगते. पानं हृदयाच्या आकाराची, लांबून पाहिलं तर आपल्याला गुळवेलच वाटावी, पण गुळवेलीशी तिचं काही नातं नाही, ती कुट्टूच्या कुळातली, उपासाला ज्याचं पीठ खातात त्या कुट्टूच्या. पांढरी बारीक फुलं झुपक्यानं येतात. जमिनीखाली गाठीदार मुळ्या, बाहेरून लालसर तपकिरी. क्वांगतुंग प्रांतातल्या दछिंग भागातली मुळी तिकडे नावाजलेली आहे. वेलीचा देठसुद्धा वेगळं औषध म्हणून वापरतात, झोप येत नसेल त्याला देतात, आणि त्याचं नाव रात्री गुंफणारी वेल, म्हणजे ती पहिली रात्र त्या नावात अजून आहे.

चिनी वैद्यकाचं म्हणणं असं की केस म्हणजे रक्ताचा उरलेला भाग, आणि मूत्रपिंडाचं तेज केसांत दिसतं. म्हणून केस पिकले की ते केसांना काही लावत बसत नाहीत, रक्त आणि मूत्रपिंड भरून काढायला बघतात, आणि वंशवाढीची ताकदही त्यांच्या मते मूत्रपिंडातच असते, त्यामुळे काळे केस आणि लेकरं ही दोन्ही एकाच मुळीनं येणं त्यांना अगदी सरळ वाटतं. आयुर्वेदात केस हा अस्थिधातूचा मल सांगितलाय. वाट वेगळी पण रोख तोच, केस बघून आतलं ओळखायचं.

सोंग राजवटीत, 974 च्या सुमारास, सरकारी औषधी ग्रंथात ही मुळी नोंदली गेली. पण तिला खरी प्रसिद्धी मिळाली ती मिंग राजवटीत, जियाजिंग बादशहामुळे, आणि तीही परत लेकरांमुळेच. त्याच्या गादीला वारस हवा होता. एका ताओपंथी साधूनं त्याला सात वस्तूंची एक गोळी दिली, सुंदर दाढीची सात रत्नं अशा अर्थाचं तिचं नाव, त्यात मुख्य ही मुळी. बादशहाला एकामागून एक मुलगे झाले आणि त्यानंतर हे शोऊ वूचे नुस्खे देशभर पसरले, असं ली शीचननं लिहिलंय. हा ली शीचन म्हणजे त्यांचा फार मोठा वैद्य, त्याचा बेन्साओ गांगमू हा औषधींचा प्रचंड ग्रंथ 1578 ला पुरा झाला आणि तो गेल्यावर 1596 ला छापून निघाला. आता या बादशहाचं पुढं काय झालं तेही सांगायला पाहिजे, तो अमर व्हायच्या नादात पाऱ्याची औषधं घेत राहिला आणि 1567 ला वारला, त्या औषधांनीच गेला असं मानतात.

त्या सात वस्तूंची यादी मी वाचली तेव्हा मात्र मी उठून उभीच राहिले. हे शोऊ वू सोडली तर एक पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी, एक डांग क्वेई नावाची चिनी मुळी, एक गोजी बेरी, हे आपल्याकडचं नाही. पण उरलेल्या तीन! एक आघाड्याची सख्खी बहीण, एक अमरवेलीच्या जातीच्या वेलीचं बी, आणि एक तर सरळ सरळ बावची, आपलीच बावची, कोडावर लावतात ती. आघाडा आमच्या प्रत्येक धुऱ्यावर आहे, ऋषिपंचमीला त्याच्या काड्यांनी दात घासतात. अमरवेल बोरीवर पसरलेली असते, लोक तिला शिव्या देऊन तोडून टाकतात. चीनच्या बादशहाच्या गोळीतल्या सातपैकी तीन वस्तू, किंवा त्यांच्या बहिणी, पुसदच्या वावरात उभ्या आहेत.

आणि आता मुख्य मुद्द्यावर येते. संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर मी ही सगळी गोष्ट घरात सांगत होते, पुतण्या ऐकत होता, दीर ऐकत होते, सासूबाई भिंतीला टेकून तूर निवडत होत्या. गोष्ट संपली. सगळ्यांना आवडली. सासूबाईंनी एकच विचारलं.

"अन् कच्चीच खाल्ली त्यानं? उकयली नाई, काई नाई?"

गोष्टीत खरंच नाहीये. मी परत वाचून पाहिलं. नंगस मुळी वाळवतो, कुटतो, खातो, बस. पण चीनच्या वैद्यांनी ती मुळी तशीच सोडली नाही, त्यांनी तिच्यावर जेवढी मेहनत घेतलीय तेवढी फार थोड्या औषधांवर घेतली असेल. ली शीचनच्या ग्रंथात सगळी कृती आहे. मुळीची साल बांबूच्या सुरीनं खरवडायची, लोखंड लावायचं नाही. रात्रभर तांदळाच्या धुवणात भिजत घालायची. मग चकत्या करायच्या. मातीच्या भांड्यात भिजवलेल्या काळ्या दाण्यांचा एक थर, मुळीचा एक थर, परत दाणे, परत मुळी, असं भरत जायचं आणि वाफवायचं. दाणे शिजले की ते काढून टाकायचे, मुळी उन्हात वाळवायची, आणि मग नवीन दाणे घेऊन परत तेच. असं नऊ वेळा वाफवणं, नऊ वेळा वाळवणं. तपकिरी मुळी शेवटी काळी होते. आणि ते काळे दाणे कसले माहिती आहे का, सोयाबीन! काळं सोयाबीन. ज्या सोयाबीननं आमच्याकडची ज्वारी गेली, निम्मी कपाशी गेली, तेच.

पथ्यही आहे. कांदा नाही, लसूण नाही, मुळा नाही, बिनखवल्याचा मासा नाही, कोणत्याही जनावराचं रक्त नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कच्ची मुळी आणि वाफवलेली मुळी ही त्यांच्या दृष्टीनं दोन वेगळी औषधं आहेत. चीनच्या आजच्या सरकारी औषधकोशातही त्यांच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, कच्ची 3 ते 6 ग्रॅम, वाफवलेली 6 ते 12 ग्रॅम. कच्चीनं पोट साफ होतं, तिच्यात इमोडिनसारखी द्रव्यं असतात, सोनामुखीत जी पोट ढिलं करणारी द्रव्यं असतात त्याच जातीची. ती टॉनिक नाहीच. टॉनिक म्हणून जिची ख्याती ती वाफवलेली. वारंवार वाफवून ही जुलाब लावणारी द्रव्यं कमी होतात, हे आता प्रयोगशाळेतही दिसलंय. म्हणजे गोष्ट ज्या मुळीची ती खरंतर हजार वर्षांत कितीतरी हातांनी घडवलेली वस्तू आहे, आणि ते हात गोष्टीत कुठंच नाहीत.

सासूबाईंना हे कसं सुचलं, तर बिब्ब्यामुळे. त्यांचा जन्म बिबे फोडण्यात गेलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बिब्ब्याचं झाड आमच्याकडच्या जंगलात आहे, हिवाळ्यात बिबे पिकतात, वरचा नारिंगी गर वाळवून खातात, खालचं काळं कवच फोडून आतली गोडंबी काढतात. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात जी गोडंबी जाते ती अशी एकेक दाणा दगडानं ठेचून कोणत्यातरी बाईनं काढलेली असते. कवचात तेल असतं, ते उडालं की कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग पडतात ते जात नाहीत. काहींना तर नुसतं झाडाखालून गेलं तरी सूज येते, त्याला बिब्बा उतणं म्हणतात. बाया हाताला तेल चोळतात, राख लावतात, तरी भाजतंच. याच तेलानं परीट कपड्यावर खुणा करायचे, धुतल्यानं न जाणाऱ्या. सासूबाईंच्या बोटांवर ते डाग आहेत आणि आम्ही सगळ्यांनी ती गोडंबी खाल्ली आहे.

आणि हाच बिब्बा आयुर्वेदात रसायन आहे! च्यवनप्राश ज्या रसायन अध्यायात आहे त्यातच चरकानं भिलाव्याचे, म्हणजे बिब्ब्याचेच, दहा प्रकार सांगितलेत, आणि सांगताना म्हटलंय की भिलावा अग्नीसारखा तीक्ष्ण आहे पण विधीप्रमाणे वापरला तर अमृतासारखा होतो. तो विधी काय, तर बिब्ब्याची टोपी काढायची, गोमूत्रात भिजवायचा, मग गाईच्या दुधात, मग विटेच्या भुकटीत घोळत राहायचं म्हणजे ते तेल वीट शोषून घेते, मग गरम पाण्यानं धुवायचा. त्यानंतरही पथ्य, ऊन नको, विस्तवाजवळ बसणं नको, तिखट-आंबट नको. उतला तर खोबरं चावायचं, खोबरेल लावायचं. आमच्या घरात कोणीही, अगदी शेंबडं पोरही, कच्चा बिब्बा तोंडात घालणार नाही. दाराला लिंबू-मिरचीबरोबर बांधतील, नजर लागू नये म्हणून, पण तोंडात नाही. बिब्बा त्याच क्षणी भाजतो, त्यामुळे त्याची कृती विसरणं कोणाला परवडत नाही.

हे शोऊ वू त्या क्षणी भाजत नाही. तिचा त्रास यकृताला होतो आणि तो कळायला काही आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून तिची कृती विसरली जाते. माझा सगळा जीव या एका गोष्टीपाशी अडकलाय.

आधी थकवा येतो, भूक जाते, मळमळ होते, लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, अंगाला खाज सुटते, मग डोळे पिवळे. कावीळच. आपल्याकडे कावीळ दिसली की लोक माळ घालतात, डोळ्यात रस टाकायला नेतात, आणि ती डबी मात्र चालूच राहते कारण ती शक्तीची आहे ना, आजारात जास्तच घ्यायची. ब्रिटनच्या औषध नियंत्रण संस्थेनं 2006 मध्ये या मुळीबद्दल इशारा दिला. खुद्द चीनच्या सरकारनं 2014 मध्ये नियम आणला की आरोग्यपूरक पदार्थांत कच्ची मुळी दिवसाला 1.5 ग्रॅमच्या वर आणि वाफवलेली 3 ग्रॅमच्या वर नको, आणि यकृताला त्रास देणाऱ्या दुसऱ्या औषधांबरोबर घेऊ नका असं पाकिटावर लिहा. बहुतेक लोक मुळी बंद केली की बरे होतात, पण काहींचं यकृत कायमचं गेलंय, मृत्यूही झालेत. आणि वाफवलेली घेतली म्हणून पूर्ण सुटका आहे असंही नाही, तिच्यानंही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. 2019 मध्ये चीनच्या संशोधकांनी दाखवलं की एचएलए-बी 35:01 हा जनुकाचा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना हा धोका बराच जास्त असतो. तो आपल्यात आहे की नाही हे वावरात काम करणाऱ्या माणसाला कुठून कळणार.

गुळवेलीचं आठवतं ना, करोनात घरोघरी काढा चालू होता, 2021 ला मुंबईच्या डॉक्टरांनी काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं लिहिलं, आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, दुसरीच सारखी दिसणारी वेल असेल असं म्हटलं. त्या वादात मी पडत नाही. पण वेल नीट ओळखणं, कोणता भाग, किती, कसा तयार केला, हे प्रश्न दोन्ही बाजूंना महत्त्वाचे वाटले, ते आपल्यालाही वाटले पाहिजेत.

1933 ला सिच्वान प्रांतात ली छिंगयुन नावाचा जडीबुटीवाला वारला, तो 256 वर्षांचा होता असा दावा होता, अमेरिकेच्या टाइम मासिकातसुद्धा ते छापून आलं. तो हे शोऊ वू खायचा, गोजी खायचा, मंडूकपर्णी खायचा असं सांगतात. पोरांच्या मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात त्यात हा म्हातारा हमखास असतो. 256 वर्षं कोणी जगत नाही, हे मी पोरांना स्पष्ट सांगते, गोष्टीतले 160 पण नाही आणि हे पण नाही. गोष्टीतल्या आकड्याचा मला काही राग नाही, गोष्ट तशीच सांगायची असते. पण त्या आकड्यावर कोणी माल विकत असेल तर मला राग येतो.

पुतण्याच्या डबीवर मी बारकाईनं पाहिलं, मुळी कच्ची की वाफवलेली हे कुठंच नव्हतं. किती ग्रॅम तेही नाही. त्याला मी डबी बंद करायला लावली, रक्त तपासायला नेलं, यकृत ठीक निघालं, देवाची कृपा. त्याच वेळी बी12 बघितलं तर ते कमी होतं. कमी वयात केस पिकायची कारणं बहुतेकदा अशीच असतात, घराण्यातच असतं, किंवा बी12 कमी, किंवा थायरॉइड, किंवा सिगारेट. माणसांच्या पांढऱ्या केसांवर या मुळीची मोठी, नीट केलेली चाचणी मला कुठं दिसली नाही, उंदरांवरचे प्रयोग आहेत. डॉक्टरांनी बी12 चं इंजेक्शन सुरू केलंय. केस काळे होतील का, मला माहीत नाही, वडिलांचेही लवकरच पिकले होते.

मला खरी काळजी आहे ती दुसऱ्यांची. मी टीबीच्या पेशंटना औषधं पोचवते. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, या तिन्ही गोळ्यांचा भार यकृतावर येतो, म्हणून डॉक्टर अधूनमधून तपासणी सांगतात आणि म्हणून मी दारू सोडा म्हणून दारादारात भांडते. टीबीच्या माणसाला अशक्तपणा असतोच, केस गळतात, वजन उतरतं, आणि घरच्यांना वाटतं काहीतरी टॉनिक द्यावं, तो प्रेमाचाच भाग आहे, मी समजू शकते. परवा अशाच एका घरात ती डबी फळीवर दिसली, अजून उघडलेली नव्हती. मी त्या माणसाच्या आईजवळ बसून सगळी गोष्ट सांगितली, थ्येनअरपासून, वेलींपासून, काळ्या सोयाबीनपर्यंत. तिनं डबी माझ्या हातात दिली. जे कोणी हे वाचत असतील आणि ज्यांच्या घरी टीबीच्या, फिटच्या किंवा कोणत्याही रोजच्या गोळ्या चालू आहेत, किंवा कोणाला दिवस गेलेत, त्यांनी ही मुळी काय किंवा दुसरी कुठली शक्तीची पावडर काय, सुरू करायच्या आधी आपल्या गावातल्या आशाला हाक मारा, ती डॉक्टरांना विचारून सांगेल, आमच्या गावातलं कोणी असेल तर रात्री दार वाजवलं तरी चालेल.